कीलेस गाडी पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून: चोर कोणत्या वाटेने आला ते आधी शोधा

ताईची गाडी कीलेस, म्हणजे किल्ली खिशात असली की बटण न दाबता दार उघडणारी. ती पहिल्यांदा गेली तेव्हा दोन्ही किल्ल्या घरातच होत्या. गाडी उभी होती तिथे काचेचा एक तुकडाही पडला नव्हता आणि अलार्म कुणाच्या कानावर आला नव्हता. नऊ दिवसांनी गाडी सापडली. आम्ही सिग्नल अडवणाऱ्या दोन पिशव्या आणल्या, किल्ल्या त्यात ठेवायला लागलो आणि विषय संपला असं समजलो. दोन महिने व्हायच्या आत एका पहाटे पाहिलं तर पुढच्या बंपरचा डावा कोपरा निखळलेला आणि चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर ओढून बाहेर काढलेलं. गाडी जागेवर होती, ती फक्त त्या वेळी रस्त्यावर कुणीतरी आलं म्हणून. पिशव्या कपाटात नीट बंद होत्या, पण या चोरांना किल्ली नकोच होती.

मग मी हा विषय मुळापासून समजून घेतला. कीलेस चोरी असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान चार वेगवेगळ्या वाटा आहेत आणि एका वाटेवरचं कुलूप दुसरीवर चालत नाही. ज्यांची गाडी दुसऱ्यांदा जाते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यानंतर काहीतरी उपाय केलेला असतो, तो चुकीच्या दाराला लावलेला असतो. आमचंही तेच झालं.

गाडी आत्ताच गेली असेल तर

पोलिसांना आधी कळवा. नोंदणी क्रमांकाबरोबर सतरा अक्षरी चेसिस क्रमांकही द्या, कारण नंबरप्लेट काही मिनिटांत बदलता येते. कंपनीच्या ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसत असेल तर ते ठिकाण पोलिसांना सांगा, स्वतः तिथे जाऊ नका. गाडीचा ठिपका नकाशावर दिसला की पाय आपोआप निघतात हे मला माहीत आहे, तरी जाऊ नका. चोरलेली गाडी पुष्कळदा काही दिवस एखाद्या गल्लीत नुसती उभी करून ठेवतात. ट्रॅकरमागून कुणी येतंय का ते बघायचं असतं, आणि बघणारे आसपास असू शकतात.

आसपासच्या कॅमेऱ्यांचं चित्रण त्याच दिवशी मागून घ्या. बहुतेक कॅमेरे जुन्यावर नवं लिहीत जातात. हे चित्रण चोर पकडायला उपयोगी पडो न पडो, चोरीची पद्धत ओळखायला फार उपयोगी पडतं. गाडीत घराची किल्ली, गेटचा रिमोट किंवा घराचा पत्ता असलेला कागद होता का ते आठवा. असेल तर घराचं कुलूप त्याच दिवशी बदला. विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, त्या सांभाळून ठेवा आणि गाडी शेवटची केव्हा, कुठे बंद केली ते आठवणीत ताजं असतानाच लिहून काढा.

चोर आले कोणत्या वाटेने?

*काहीच मोडतोड नाही, किल्ली घरात किंवा खिशात होती.* बहुधा रिले. कीलेस गाडीच्या दाराला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर किल्लीला हाक मारते. ही हाक जेमतेम दीड-दोन मीटर पोचते. किल्ली ती ऐकते आणि ३१५, ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हे उत्तर बरंच लांब जातं. गाडीचा सगळा भरवसा एकाच गृहीतकावर आहे: हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळच आहे. चोर दोघं असतात. एक गाडीपाशी उभा राहून ती हाक उचलतो आणि रेडिओवरून दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा घराच्या भिंतीपाशी किंवा रांगेत तुमच्या मागे उभा असतो, तो तीच हाक किल्लीला ऐकवतो. किल्लीचं खरं उत्तर गाडीपर्यंत पोचतं आणि दार उघडतं.

इथे कुणी कोणतंही सांकेतिक कुलूप फोडत नाही. निरोप्याला पत्रातला मजकूर वाचता यावा लागत नाही, त्याने ते नुसतं पोचवायचं असतं. त्यामुळे किल्लीतलं एन्क्रिप्शन कितीही भक्कम असलं तरी या चोरीला अडवत नाही, आणि दर वेळी बदलणारा रोलिंग कोडही नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून पाहिलं आणि दहाही गाड्या उघडून सुरू झाल्या. त्यांच्या अँटेनापासून किल्ली आठ मीटरपर्यंत लांब असली तरी चालत होतं. म्हणजे किल्ली दारापासून लांब, आतल्या खोलीत ठेवणं हा अर्धाच उपाय.

लोक विचारतात, किल्ली मागे राहिली तर गाडी पुढे जाऊन बंद का पडत नाही? कारण तशी ती मुद्दामच केलेली नाही. भर रस्त्यात किल्लीची बॅटरी संपली म्हणून इंजिन बंद पडलं तर जीव जातील. गाडी फक्त डॅशबोर्डवर इशारा देते आणि चालत राहते. चोर एकदाही बंद न करता ती हव्या त्या ठिकाणी नेतात आणि तिथे नवीन किल्ली बनवतात.

*बंपरचा कोपरा, हेडलाइट किंवा चाकावरचं अस्तर हललेलं आहे.* ही वाट कमी माहीत आहे, आणि गाडी दुसऱ्यांदा जाण्यामागे बहुतेकदा हीच असते असं मला वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो. गाडीतले छोटे संगणक एकमेकांशी एका सामायिक तारेच्या जोडीवरून बोलतात. तिला कॅन बस म्हणतात. बॉशने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. तेव्हा गाडीच्या आतले सगळे आपलेच, हा विचार होता. त्यामुळे मूळ रचनेत संदेश कोणी पाठवला हे पडताळण्याची सोयच नाही. आजचे हेडलाइट स्वतःच वळतात, आपोआप उंच-खाली होतात, म्हणून त्यांनाही स्वतःचा संगणक असतो आणि ही तार थेट गाडीच्या कोपऱ्यापर्यंत येते. चोर बंपर किंवा अस्तर सैल करतो, हेडलाइटचा प्लग काढतो, स्वतःचं यंत्र जोडतो आणि ‘खरी किल्ली सापडली आहे’ असा खोटा संदेश सोडतो. इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, तो संदेश मानतो आणि दार उघडतं.

इयन टेबर हे मोटारींच्या सुरक्षेवर काम करणारे संशोधक. २०२२ मध्ये त्यांच्याच टोयोटा आरएव्ही४ चा बंपर ओढलेला आणि हेडलाइटचा प्लग निघालेला सापडला. कुणाचा तरी टवाळखोरपणा असेल असं त्यांना आधी वाटलं. काही महिन्यांत गाडी गेली. गाडीने कंपनीकडे पाठवलेले बिघाडाचे कोड त्यांनी तपासले, केन टिंडेल यांच्यासोबत त्याचा माग काढला आणि २०२३ मध्ये ही पद्धत सगळ्यांसमोर मांडली. चोरांचं ते यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात बसवलेलं होतं.

म्हणून सुटलेला बंपर, विनाकारण लोंबणारं अस्तर, हेडलाइट बिघडल्याचा अचानक आलेला इशारा, यातलं काही दिसलं तर गाडी धुताना धक्का लागला असेल असं म्हणून सोडू नका. पहिला प्रयत्न फसलेला असू शकतो. गाडी परत मिळाल्यावर आमच्या डॅशबोर्डवर हेडलाइटचा इशारा दोन वेळा आला होता. सेन्सर असेल म्हणून आम्ही पुढे गेलो. तो इशारा त्याच दिवशी वर्कशॉपमधल्या बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर वाचून घेतला असता तर दुसरा प्रयत्न व्हायच्या आधीच आम्ही जागे झालो असतो.

स्कॅनरवर काय बघायचं तेही सांगतो. बिघाडाच्या कोडचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे संगणकांचा आपसातला संपर्क तुटल्याची नोंद. चोरीच्या किंवा संशयाच्या वेळेच्या आसपास असे बरेच कोड एकदम पडलेले असतील, विशेषतः हेडलाइटशी संबंधित, तर चोर तारेवाटे आला असं धरायला हरकत नाही. कोड पुसायच्या आधी त्यांची छापील प्रत किंवा फोटो घ्या. वर्कशॉपमध्ये आधी पुसतात आणि मग विचारतात, तेव्हा गाडी देतानाच हे बजावून सांगा.

*काच फुटलेली आहे किंवा डॅशबोर्डखालचं झाकण निघालेलं आहे.* स्टिअरिंगखाली निदानासाठी एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. मेकॅनिकला याच सॉकेटमधून नवी किल्ली नोंदवता येते. चोरालाही तेच करता येतं. रिकामी किल्ली आणि योग्य यंत्र असेल तर काही मॉडेलांत हे काम थोड्या मिनिटांत होतं.

*गाडी जागेवर आहे, कुलूप शाबूत आहे, आतलं सामान गेलं आहे.* बहुधा तुम्ही लॉकचं बटण दाबलं तेव्हा जवळपास जॅमर चालू होता आणि गाडीला तुमचा सिग्नल मिळालाच नाही. एरवी आपण हँडल ओढून खात्री करतो, पण कीलेस गाडीत किल्ली खिशात असल्यामुळे हँडल ओढलं की दार उघडतंच. त्यापेक्षा दिवे चमकले का आणि आरसे मिटले का ते बघा. ते बघितल्याशिवाय पाठ फिरवू नका. यावर एवढंच पुरतं.

गाडी परत मिळाली, आता लगेच वापरायची का?

नाही. परत मिळालेली गाडी म्हणजे चोराच्या हातात किल्ली असलेली गाडी, असंच धरून चाला. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या मेमरीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते वाचायला सांगा. तुमच्याकडे दोन आणि मेमरीत तीन असतील तर तिसरी कुणाकडे आहे हे विचारायची गरज नाही. सगळ्या किल्ल्या पुसून फक्त तुमच्या हातातल्या पुन्हा नोंदवायच्या. यासाठी सगळ्या किल्ल्या एकाच वेळी घेऊन जावं लागतं, एक घरी विसरलात तर ती बाद होते. संख्या बरोबर जुळली तरी हे करून घ्या. गाडीत एखादी सुटी किल्ली किंवा किल्लीतलं धातूचं ब्लेड राहून गेलं असेल तर दारांचं यांत्रिक कुलूपही बदलावं लागेल.

मग ॲप. गाडीच्या खात्याचा पासवर्ड बदला आणि जोडलेले फोन व डिजिटल किल्ल्या यांची यादी उघडून अनोळखी नाव काढून टाका. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर चोरी झालेली नसतानाही हे करा. आधीच्या मालकाचं खातं महिनोन्‌महिने जोडलेलं राहतं.

तिसरी गोष्ट वायरिंग. दोन्ही हेडलाइटमागे, पुढच्या चाकांच्या अस्तरामागे आणि ओबीडी सॉकेटच्या पाठीमागे नजर टाकायला सांगा. कापलेली तार टेपने जोडलेली आहे का, सॉकेटला जादाची तार जोडलेली आहे का, कुठे ट्रॅकर लपवलेला आहे का. चोरांनी ट्रॅकर ठेवला असेल तर गाडी तुमच्या घरी पोचली हे त्यांना आपोआप कळतं.

उपाय, आणि ते कुठे कमी पडतात

रिलेवरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे किल्लीला रात्री झोपवणं. काही किल्ल्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, काही मिनिटं स्थिर राहिली की किल्ली उत्तर देणं थांबवते. तुमची तशी आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा किंवा करून बघा: लॉक केलेल्या गाडीच्या दाराशेजारी एखाद्या स्टुलावर किल्ली ठेवा, पंधरा मिनिटं तिला हात लावू नका, मग हँडल ओढा. दार उघडलं नाही तर किल्ली झोपते आहे. मात्र चालताना खिशातली किल्ली हलत असते आणि जागीच राहते, त्यामुळे बाहेरच्या गर्दीत या सेन्सरचा भरवसा नाही. काही कंपन्यांच्या किल्ल्या ठरावीक बटणं दाबून बंद करता येतात. काही गाड्यांत सेटिंगमध्ये जाऊन कीलेस सोयच काढून टाकता येते किंवा सर्व्हिस सेंटर ती काढून देतं. एवढी सोय सोडायची तुमची तयारी असेल तर रिलेवर यापेक्षा पक्का उपाय नाही. मी ताईला तोच सुचवला. पहिल्या आठवड्यात ती थोडी वैतागली, नंतर बटण दाबायची सवय झाली.

सिग्नल अडवणारी पिशवी चांगली असेल तर काम करते, पण ती विकत घेतली म्हणजे झालं असं नाही. किल्ली पिशवीत घाला, पिशवी दाराच्या हँडलला टेकवा आणि दार उघडायचा प्रयत्न करा. पुढच्या दोन्ही दारांपाशी आणि डिकीपाशी करून बघा. एकदाही उघडलं तर पिशवी बाद. पिशवीतलं धातूचं कापड घड्यांवर हळूहळू तुटतं, म्हणून ही चाचणी महिन्यातून एकदा करायची. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा सल्ला फार फिरतो. गाडीची कमी फ्रिक्वेन्सीची हाक चुंबकीय असते. ती नीट अडवायला धातू पुरेसा जाड लागतो, आणि फॉइल फारच पातळ असतो. किल्लीचं उत्तर फॉइल बरंच अडवतो, पण एक फट राहिली तरी ते निसटतं. रोज रात्री फॉइल नीट दुमडत बसणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मायक्रोवेव्हमध्ये किल्ली ठेवू नका. घरातलं दुसरं कुणी तो चालू करेल आणि किल्ली, मायक्रोवेव्ह दोन्ही जळतील.

आणि दुसरी किल्ली! कपाटात, पर्सच्या कप्प्यात, खुंटीवर वर्षभर पडून असलेली दुसरी किल्ली तितकीच जागी असते. पहिली पिशवीत घालून दुसरी दाराजवळच्या खुंटीवर सोडलेली घरं मी पाहिली आहेत. ती वापरत नसाल तर तिची बॅटरी काढून ठेवा. तिच्या आत लपलेलं धातूचं ब्लेड असतं, त्याने दार उघडतं, आणि बहुतेक गाड्यांत बॅटरी नसतानाही किल्ली स्टार्ट बटणाला किंवा ठरवून दिलेल्या जागी टेकवली की गाडी सुरू होते. अडचणीच्या वेळी ती तशीही उपयोगी पडेल.

आता तारेवाटे होणारी चोरी. इथे पिशवी, झोपणारी किल्ली, कीलेस बंद करणं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दोन गोष्टी मात्र चालतात. एक, गाडी सुरू होण्यासाठी वेगळी परवानगी मागणारा जादाचा इमोबिलायझर. यात स्टिअरिंगवरची किंवा दारावरची नेहमीची बटणं ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. किल्ली खरी आहे असा कितीही खोटा संदेश पाठवला तरी हा क्रम चोराला माहीत नसतो. रिले आणि नवीन किल्ली बनवणं या वाटांवरही हाच उपाय चालतो, म्हणून एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर मी यावर करेन. पण बसवणारा माणूस त्या मॉडेलचा जाणकार हवा, आणि चालू गाडीत इंजिन बंद पाडू शकेल अशी जोडणी त्याने केली तर गाडी त्याच्या हातातून काढून घ्या. रोखायचं असतं ते इंजिन सुरू होणं. बसवण्याआधी विमा कंपनीला आणि वॉरंटी देणाऱ्याला लेखी विचारा. काही गाड्यांत चालवण्यापूर्वी पिन टाकायची सोय कंपनीनेच दिलेली असते आणि मालकांनी ती कधी चालू केलेली नसते. सेटिंगमध्ये जाऊन बघा.

दोन, उघड दिसणारं यांत्रिक कुलूप, स्टिअरिंगला किंवा पेडलला लावायचं. कटर असलेला चोर ते कापतो हे खरं आहे. पण कीलेस चोरीचं सगळं गणित आवाज न करता एक-दोन मिनिटांत निघून जाण्यावर उभं आहे, आणि कापायला वेळ लागतो, आवाज होतो. गाडीच्या आतलं इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक याच्या जागी धरू नका. गाडीला किल्ली खरी वाटली की ते स्वतःहून उघडतं.

गाडी उभी करण्याची पद्धतही इथे उपयोगी पडते. जागा असेल तर गाडीचं नाक भिंतीकडे, शक्य तितकं जवळ ठेवा. हेडलाइटचा कोपरा आणि चाकावरचं अस्तर यांपर्यंत हात गेला नाही तर यंत्र जोडता येत नाही. घरात दोन गाड्या असतील तर कीलेस गाडी आत आणि दुसरी तिच्यामागे.

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी शोधायला मदत करतो. जीपीएस जॅमर चालू असला तर जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅकरला आपली जागाच कळत नाही. बॅगेला लावायचा छोटा ब्लूटूथ टॅग लपवून ठेवला तर अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा चोराच्याच फोनवर जातो, कारण तसा इशारा देण्याची सोय आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये आहे. ठेवायचा तर ठेवा, पण कुलपाच्या जागी नको.

पुढची गाडी घेताना

रिलेवरचा खरा इलाज कंपन्यांच्या हातात आहे. अल्ट्रा-वाइडबँड किल्ली सिग्नल ऐकू आला एवढ्यावर समाधान मानत नाही, तो जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जाते, त्यामुळे मधल्या निरोप्यांनी लावलेला वेळ लपत नाही. विक्रेत्याला विचारताना मात्र नेमकं विचारा. गाडीत अल्ट्रा-वाइडबँड चिप आहे का एवढं विचारू नका, दार उघडताना आणि गाडी सुरू करताना अंतर त्या चिपने मोजलं जातं का ते विचारा. २०२४ मध्ये संशोधकांनी टेस्ला मॉडेल ३ वर दाखवून दिलं की चिप गाडीत होती, पण अंतर पडताळायला ती वापरलीच जात नव्हती, आणि रिले तिथेही चालला. दुसरा प्रश्न कॅन बसचा: हेडलाइटची तार इमोबिलायझरच्या तारेपासून वेगळी ठेवली आहे का, संदेशांची पडताळणी होते का. शोरूममधल्या माणसाला हे तोंडी सांगता येणार नाही. कंपनीकडून लेखी उत्तर मागा आणि ते येईपर्यंत बुकिंगची रक्कम देऊ नका.